निवाडा लागतो, तंटा संपत नाही

३ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या आदल्या दिवशी, सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसण्याची तयारी करीत असताना केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने एक ज्ञापन जारी केले. साहजिकच त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सरकारी खाती आणि सरकारी कंपन्या यांनी खरेदीच्या व बांधकामाच्या करारांत, विशेषतः मोठ्या करारांत, लवादाचे कलम सरसकट घालू नये. घातलेच तर ते सर्वसाधारणपणे दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या तंट्यांपुरते ठेवावे. त्याहून मोठे तंटे मध्यस्थीने, आपसांतील तडजोडीने आणि शेवटी न्यायालयात सोडवावेत, असा त्याचा आशय होता. लवाद वेगवान नाही, स्वस्त नाही, त्याचे निर्णय अनेकदा वस्तुस्थितीला व कायद्याला धरून नसतात आणि अंतिमतेचे गोडवे गाऊनही तो प्रत्यक्षात न्यायालयीन लढाईतील आणखी एक पायरी झाला आहे, अशी कारणेही त्यात दिली होती.

हे ज्ञापन ज्या सरकारने काढले, त्याच सरकारने त्याआधीची आठ-दहा वर्षे जगाला नेमके उलटे सांगितले होते. व्यापारी तंट्यांसाठी आता लंडन, पॅरिस किंवा सिंगापूर गाठण्याची गरज नाही. भारतच आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्र होणार आहे, ही घोषणा किती व्यासपीठांवरून झाली याची गणती नाही. मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले. दिल्लीतील केंद्रासाठी संसदेने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. हैदराबादेत २०२१ मध्ये असेच केंद्र उभे राहिले आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात गुजरातच्या गिफ्ट सिटीसाठीही त्याची घोषणा झाली. दुकाने थाटली, पाट्या रंगवल्या आणि मग घरच्याच मोठ्या गिऱ्हाईकाने सांगितले की, आपण इथे माल घेणार नाही.

देशातील सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे. रस्ते, वीज, कोळसा, तेल, बंदरे, रेल्वे, उपग्रह या प्रत्येक क्षेत्रात परदेशी वा देशी खासगी कंपनीसमोर करार करून बसलेली संस्था बहुतेक वेळा सरकारी असते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाची भारतातील कहाणी ही मुख्यतः सरकार हरल्यावर कसे वागते याची कहाणी आहे. ती समजून घ्यायची तर पिपरवारच्या कोळसा खाणीपासून सुरुवात करावी लागते.

१९८९ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने कोल इंडियाबरोबर पिपरवार येथील खुल्या खाणीच्या विकासाचा करार केला. तेव्हा ही खाण बिहारात होती, आज ती झारखंडात आहे. पुढे उत्पादनाच्या प्रमाणाबद्दलचा बोनस, दंड, कोळशाची प्रत यांवरून वाद झाला आणि तो आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमांखाली पॅरिसमध्ये लवादासमोर गेला. मे २००२ मध्ये निवाडा लागला. सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर कोल इंडियाने द्यावेत, असे ठरले. रक्कम कोल इंडियाच्या आकाराच्या मानाने क्षुल्लक होती. तरीही कोल इंडियाने तो परदेशी निवाडा रद्द करण्यासाठी कोलकाता उच्च न्यायालयात अर्ज केला. व्हाइटने त्याच्या अंमलबजावणीसाठी दिल्ली उच्च न्यायालय गाठले. परदेशात झालेला निवाडा भारतातले न्यायालय रद्द करू शकते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तेथे वर्षानुवर्षे पडून राहिला. अखेर कंटाळून व्हाइटने भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराचा आधार घेतला आणि थेट भारत सरकारविरुद्ध दावा लावला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या लवादाने सांगितले की, निवाड्याची अंमलबजावणी मिळवण्यात नऊ वर्षे जात असतील तर आपले हक्क बजावण्याची ‘परिणामकारक साधने’ भारताने गुंतवणूकदाराला दिली नाहीत. गंमत अशी की, ‘परिणामकारक साधने’ ही तरतूद ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात नव्हतीच. ती भारत-कुवेत करारात होती आणि सर्वाधिक अनुकूल वागणुकीच्या कलमाद्वारे ती उसनी घेतली गेली. गुंतवणूक करारांखालील लवादात भारताविरुद्ध गेलेला हा पहिला ज्ञात निवाडा.

यातून दोन धडे घेता आले असते. पहिला, आपली न्यायव्यवस्था अंमलबजावणीला लागणारा वेळ कमी करो. दुसरा, आपण केलेले गुंतवणूक करार इतके सैल नसोत. सरकारने दुसरा तातडीने घेतला. २०१६ मध्ये नवा नमुना करार आला. परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी, असे त्यात घालण्यात आले आणि डझनावारी जुने करार रद्द करण्यात आले. संयुक्त अरब अमिरातीबरोबर ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आली, हे खरे. पण न्यायालयातील विलंबामुळे हरलेल्या देशाने, परदेशी माणसाला आधी त्याच न्यायालयांच्या रांगेत उभे करावे, हा उपाय थोडा चमत्कारिकच म्हणावा लागेल.

पहिला धडा न्यायालयांनी आणि संसदेने घेतला, पण अडखळत. लवाद आणि समेट अधिनियम १९९६ चा. तो संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेल्या आदर्श कायद्यावर बेतलेला. परदेशी निवाड्यांच्या मान्यतेचा १९५८ चा न्यूयॉर्क करार भारताने १९६० मध्येच स्वीकारलेला. म्हणजे पाया भक्कम होता. परंतु २००२ च्या भाटिया इंटरनॅशनल निकालाने परदेशात बसलेल्या लवादांमध्येही भारतीय न्यायालयांना हस्तक्षेपाची वाट उघडून दिली आणि २००३ च्या सॉ पाइप्स निकालाने ‘सार्वजनिक धोरण’ या शब्दांत ‘धडधडीत बेकायदेशीरपणा’ कोंबला. निवाडा चुकीचा आहे असे न्यायाधीशाला वाटले की तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवता येई. दहा वर्षे हा गोंधळ चालला. सप्टेंबर २०१२ मध्ये बाल्को प्रकरणात घटनापीठाने भाटियाची वाट बंद केली. २०१५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक धोरणाची व्याख्या आवळली. ‘धडधडीत बेकायदेशीरपणा’ केवळ देशांतर्गत निवाड्यांपुरता ठेवला आणि निवाड्याला नुसते आव्हान दिले की त्याची अंमलबजावणी आपोआप थांबावी, ही जुनी सोय काढून टाकली.

कागदावर भारत आता जगाच्या बरोबरीला आला होता. व्यवहारात काय झाले, हे २०२० च्या दोन निकालांवरून दिसते. फेब्रुवारीत विजय कारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी निवाड्याला चिकाटीने विरोध करणाऱ्या पक्षाला पन्नास लाख रुपयांचा खर्च भरायला लावला आणि न्यूयॉर्क कराराखाली हस्तक्षेपाची जागा किती अरुंद आहे हे बजावले. दोन-अडीच महिन्यांतच, एप्रिलमध्ये, दुसऱ्या पीठाने नाफेड प्रकरणात परदेशी निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून नाकारला. तो तंटा १९८० सालच्या भुईमुगाच्या दाण्यांच्या निर्यातीचा होता. लंडनमधील निवाडा १९८९ चा. निर्यातीची पूर्ण परवानगी सरकारने दिली नाही म्हणून माल देता आला नाही, हे नाफेडचे म्हणणे चाळीस वर्षांनी मान्य झाले. त्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. प्रश्न हा आहे की, एकाच वर्षी, एकाच न्यायालयाकडून असे दोन सूर ऐकल्यावर हॅम्बुर्ग किंवा ओसाका येथील कंपनीच्या विधी विभागाने भारताबद्दलच्या टिपणात काय लिहावे?

या सर्वांवर कळस चढवला तो दिल्लीच्या विमानतळ मेट्रोने. हे प्रकरण देशांतर्गत लवादाचे. मात्र परदेशी गुंतवणूकदारांनी ते जेवढ्या बारकाईने वाचले तेवढे दुसरे क्वचितच वाचले असेल. नवी दिल्ली स्थानकापासून विमानतळमार्गे द्वारकेपर्यंतच्या मार्गासाठी २००८ मध्ये दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळ आणि रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या पुढाकाराने स्थापन झालेली कंपनी यांच्यात करार झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी सुरू झाली. पुढच्या वर्षी उन्नत मार्गाच्या बांधकामातील दोषांमुळे ती थांबली, ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने करार संपुष्टात आणल्याची नोटीस दिली आणि जानेवारी २०१३ मध्ये सुरक्षा आयुक्तांच्या परवानगीने गाडी पुन्हा धावू लागली. दोष दुरुस्त झाले होते की नव्हते, यावर सारे अवलंबून होते. मे २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपये व त्यावर व्याज असा निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने तो २०१८ मध्ये कायम केला. खंडपीठाने २०१९ मध्ये तो अंशतः रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा जिवंत केला आणि दोन महिन्यांनी फेरविचार याचिका फेटाळली. आता संपले, असे कोणीही म्हटले असते. पण एप्रिल २०२४ मध्ये, उपचारात्मक याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. तोवर व्याजासह आकडा आठ हजार कोटींच्या घरात गेला होता. महामंडळाने भरलेले सुमारे ३,३०० कोटी कंपनीने परत करावेत, असा आदेश झाला.

न्यायालयाचे म्हणणे असे की, सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र आणि गाडी प्रत्यक्ष धावत होती हा कळीचा पुरावा लवादाने विचारातच घेतला नाही. तटस्थपणे पाहता हे म्हणणे पटण्यासारखे आहे. कदाचित न्यायही झाला असेल. तरीही त्याची किंमत मोजावी लागते. लवाद, एकसदस्य पीठ, खंडपीठ, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार आणि त्यानंतर उपचारात्मक याचिका अशा सहा पायऱ्या चढूनही निवाडा अंतिम होत नसेल तर ‘अंतिम’ या शब्दाला अर्थ उरत नाही. आणि ज्याला वाटते की ही झळ फक्त बड्या उद्योगसमूहांना बसते, त्याने बांधकाम क्षेत्रातील कंपन्यांचे ताळेबंद वाचावेत. मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीला याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. सरकारी संस्थांविरुद्धचे निवाडे जिंकूनही पैसे हाती येत नाहीत आणि दुसरीकडे पुरवठादार मात्र त्या पैशांसाठी दिवाळखोरीच्या कायद्याखाली कंपनीलाच खेचतात, ही तिची तक्रार होती. निवाड्यांना आपोआप मिळणारी स्थगिती मागच्या दाराने परत आणणारी २०१९ ची दुरुस्ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने रद्द केली, ती या खटल्यात. आव्हान प्रलंबित असतानाही बँक हमीवर ७५ टक्के रक्कम ठेकेदाराला द्यावी, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने २०१६ मध्येच घेतला होता. तो सर्वत्र पाळला गेला असता तर ही वेळ आली नसती.

आता सरकारची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. लवाद ही खासगी खोलीत चालणारी प्रक्रिया आहे. तेथे सार्वजनिक पैशाचा हिशेब होतो आणि जनतेला त्याचा पत्ता नसतो. नायजेरियाचे उदाहरण जगभर अभ्यासले जाते. एका अनाम, जवळपास मालमत्ताशून्य कंपनीने वायुशुद्धीकरण प्रकल्पाच्या २०१० सालच्या करारावरून त्या देशाविरुद्ध लंडनमधील लवादात ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा मिळवला. व्याजासह तो अकरा अब्जांवर गेला. प्रकल्पाची एक वीटही रचली गेली नव्हती. लाचखोरी आणि खोटा पुरावा यांवर हा निवाडा उभा होता असे म्हणत लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द केला आणि राज्यांचा एवढा पैसा पणाला लागलेला असताना लवादाची प्रक्रिया पुरेशी आहे का, याचा विचार व्हावा असेही सुचवले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आणि अधिक लाजिरवाणे. भारतातील समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्गाच्या कामांवरून एकसारखे तंटे उभे राहिले. किमान वेतनाच्या २०१७ च्या अधिसूचनेमुळे वाढलेला खर्च कोणी सोसायचा, असा प्रश्न होता. त्यांपैकी एक लवाद सिंगापूरमध्ये बसला. त्याचे अध्यक्ष भारताचे एक निवृत्त न्यायाधीश होते आणि ते अशाच दोन अन्य लवादांचेही अध्यक्ष होते. निवाडा आला तेव्हा दिसले की, त्याच्या ४५१ परिच्छेदांपैकी किमान २१२ परिच्छेद आधीच्या निवाड्यांतून उचललेले आहेत. त्या करारांतील वेगळी कलमे, त्या पक्षकारांनी केलेले वेगळे युक्तिवाद, सारे जसेच्या तसे. सिंगापूरच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हा निवाडा रद्दच ठेवला. खुल्या मनाने विचार झाला नाही, असा दोष त्याने लावला. आपल्या लवाद-विश्वावर याहून बोचरी टीका कोणा भारतीय न्यायालयाने केल्याचे आठवत नाही.

म्हणून ‘लवाद चांगला, सरकार वाईट’ अशी सोपी मांडणी टिकत नाही. भारतातील लवाद हा निवृत्त न्यायाधीशांचा, संध्याकाळी भरणारा, तारखांमागून तारखा घेणारा न्यायालयाचाच एक विस्तार झाला आहे, ही ज्ञापनातील तक्रार खरी आहे. अभियंते, लेखापाल, बांधकामाचे खर्चतज्ज्ञ या खुर्च्यांवर फार क्वचित दिसतात. शुल्कावरून वाद इतके झाले की, लवादाच्या सदस्यांनी एकतर्फी शुल्क ठरवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. संस्थांच्या देखरेखीखाली चालणारा लवाद हे त्यावरचे औषध आहे, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१७ मध्येच सांगितले होते. संस्थांची प्रतवारी करण्यासाठी भारतीय लवाद परिषद स्थापन करण्याची तरतूद २०१९ मध्ये कायद्यात आली. पुढची पाच वर्षे उलटली तरी ती परिषद कागदावरून उठली नाही.

पण मग उपाय म्हणून लवाद सोडून न्यायालयात जायचे, हे तर्कशास्त्र मात्र समजत नाही. देशातील प्रलंबित खटल्यांची संख्या पाच कोटींच्या पुढे आहे. लवादाला दिरंगाई लागली ती न्यायालयांच्या संगतीने. रोगी ज्या घरात आजारी पडला त्याच घरात त्याला औषधासाठी पाठवण्यासारखे हे आहे. शिवाय परदेशी कंपनीसाठी लवादाचे मोल केवळ वेगात नसते. न्यूयॉर्क कराराच्या बळावर निवाडा दीडशेहून अधिक देशांत बजावता येतो. न्यायालयाच्या हुकूमनाम्याला तशी जागतिक चलनी किंमत नाही. भारतीय कंपनीलाही हे लागू आहे. सुरतेचा हिरे व्यापारी किंवा तिरुप्पूरचा कापड निर्यातदार परदेशी ग्राहकाने माल घेऊन पैसे बुडवले तर भारतीय न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन त्या देशात काय करणार? त्याच्या हाती उपयोगी पडेल असे कागद दोनच: आगाऊ घेतलेली बँक हमी आणि लवादाचा निवाडा.

येथे एक बारीक, पण अर्थपूर्ण तपशील नोंदवायला हवा. न्यूयॉर्क करार स्वीकारताना भारताने परस्परतेची अट घातली आणि आपल्या कायद्यात असे लिहिले की, केंद्र सरकारने राजपत्रात ज्या देशाचे नाव अधिसूचित केले असेल तेथील निवाडाच ‘परदेशी निवाडा’ मानला जाईल. करारात दीडशेहून अधिक देश असताना अधिसूचित देश त्याच्या निम्मेही नाहीत. चीनचे नाव यायला २०१२ उजाडावे लागले, मॉरिशसचे २०१५. ज्या देशाशी व्यापार वाढवण्याच्या वार्ता चालतात, त्याच देशातला निवाडा येथे दारात अडतो. यासाठी ना संसदेची दुरुस्ती लागते, ना घटनापीठ.

कंपन्या मात्र वाट पाहत बसत नाहीत. सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या परदेशी पक्षकारांत भारतीयांचा क्रमांक वर्षानुवर्षे वरचा राहिला आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन भारतीय कंपन्यांनाही आपल्या तंट्यासाठी परदेशातील स्थान निवडता येईल असे ठरवले. त्या खटल्यात स्थान झुरिक होते. गुजरातमधील पवनचक्क्यांचे तंटे झुरिकला नेण्याची इच्छा भारतीय उद्योगाला का व्हावी, हा प्रश्न दिल्लीत बसून धोरण आखणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. अर्थात परदेशातले स्थान म्हणजे हमखास उपाय नव्हे. ॲमेझॉनने फ्युचर समूहाविरुद्ध सिंगापूरच्या तातडीच्या लवादाकडून ऑक्टोबर २०२० मध्ये स्थगिती मिळवली, ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भारतात बंधनकारक ठरवली. पण २०२२ च्या फेब्रुवारीत फ्युचरची दुकाने रिलायन्सच्या ताब्यात जाऊ लागली आणि त्याच वर्षी फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कायदा जिंकला आणि ज्यासाठी तो जिंकला ती वस्तू हातातून निसटली.

सरकार हरते आणि निवाडा मानत नाही, तेव्हा तंटा देशाबाहेर पसरतो. अँट्रिक्स-देवास हे त्याचे सर्वांत महागडे उदाहरण. इस्रोच्या व्यापारी शाखेने जानेवारी २००५ मध्ये बंगळुरूच्या देवास कंपनीशी उपग्रहावरील एस-बँड क्षमतेचा करार केला. २०११ मध्ये तो सरकारने रद्द केला. सप्टेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या लवादाने ५६ कोटी २५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. मॉरिशसच्या आणि जर्मन गुंतवणूकदारांनी गुंतवणूक करारांखाली वेगळे निवाडे मिळवले. केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१५ मध्ये गुन्हा नोंदवला होता. करार मुळातच फसवणुकीचा होता, या मुद्द्यावर जानेवारी २०२१ मध्ये कंपनी गुंडाळण्याची कारवाई सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती जानेवारी २०२२ मध्ये कायम केली आणि त्या पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने निवाडा रद्द केला. भारतापुरते प्रकरण मिटले. बाहेर मात्र २०२१ च्या अखेरीस कॅनडात विमानतळ प्राधिकरणाच्या व एअर इंडियाच्या वतीने जमा होणाऱ्या रकमांवर टाच आली, आणि ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अँट्रिक्सचा अमेरिकेशी पुरेसा संबंध नाही म्हणून तेथील अपील न्यायालयाने दिलेला दिलासा एकमताने काढून घेतला. एकेकाळी सिएटलच्या न्यायालयाने १.२९ अब्ज डॉलरपर्यंत नेलेला तो आकडा पुन्हा चर्चेत आला. फसवणूक झाली असेलही. पण पराभूत पक्षाच्याच मालकाने केलेला हा आरोप परदेशी न्यायालयांना आपल्याइतका सहज पटेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

याच्या उलट केर्नचे प्रकरण पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये पूर्वलक्षी कराबाबत भारताविरुद्ध १.२ अब्ज डॉलरचा निवाडा लागला. सरकारने तो झुगारला. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्ता गोठवण्याचा आदेश केर्नने मिळवला. पुढच्याच महिन्यात संसदेने पूर्वलक्षी कर मागे घेतला आणि २०२२ मध्ये सुमारे ७,९०० कोटी रुपये व्याजाविना परत करून विषय संपवण्यात आला. सार्वभौमत्व बुडाले नाही आणि खजिनाही रिकामा झाला नाही. निवाडा आल्याच्या आठवड्यातच ही तडजोड झाली असती तर पॅरिसची नामुष्की टळली असती, एवढेच.

मग ती का होत नाही? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, ते सरकारी टेबलावर आहे. शंभर कोटींचा निवाडा मान्य करून धनादेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला दक्षता आयोग, महालेखापरीक्षक आणि पाच वर्षांनी येणारे नवे सरकार दिसत असते. अपील करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. वर्षाला कोट्यवधींचे व्याज चढले तरी ते कोणाच्या नावावर पडत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन प्रामाणिक निर्णयाला थोडे संरक्षण मिळाले. भीती मात्र कलम बदलल्याने जात नाही. २०२३ मध्ये ‘विवाद से विश्वास’ योजनेत न्यायालयाच्या आदेशाच्या ८५ टक्के आणि लवादाच्या निवाड्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन तंटे मिटवण्याची मुभा मिळाली. अशी ठरलेली टक्केवारी अधिकाऱ्याला हायसे वाटायला लावते, कारण तेथे निर्णय त्याचा नसतो, योजनेचा असतो. ही एकदाची योजना न राहता कायमची व्यवस्था व्हायला हवी: ठरावीक रकमेवरील प्रत्येक अपिलापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांची समिती, तिचा लेखी सल्ला, आणि अपील हरल्यास चढलेल्या व्याजाची नोंद त्या खात्याच्या वार्षिक अहवालात.

इतर सुधारणा त्यापुढे दुय्यम आहेत, तरी आवश्यक आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी कंपनीने एकतर्फी लवाद नेमण्याची पद्धत समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली, हे योग्य झाले. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने न्यायालयांना निवाड्यात मर्यादित बदल करण्याचा अधिकार दिला. तो किती मर्यादित राहतो यावर लक्ष ठेवावे लागेल, कारण भारतात दुरुस्त झालेला निवाडा परदेशात बजावायचा तर तेथील न्यायाधीश विचारणारच की हा निवाडा लवादाचा की तुमच्या न्यायालयाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसृत झालेल्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात तातडीच्या लवादाला कायदेशीर मान्यता देण्याचा प्रस्ताव आहे. तो स्वागतार्ह आहे. निवाड्यावर अपील ऐकणारा दुसरा लवाद नेमण्याची कल्पनाही त्यात आहे. ती न्यायालयीन पायऱ्यांच्या जागी येणार असेल तरच उपयोगाची, त्यांच्यात भर म्हणून नव्हे.

आणि ते ज्ञापन? त्यात एक ओळ आहे, जिच्याकडे दहा कोटींच्या मर्यादेच्या गदारोळात दुर्लक्ष झाले. तंट्यांबाबतचे निर्णय व्यवहार्य दृष्टीने, दीर्घकालीन जनहित लक्षात घेऊन, जबाबदारी न टाळता आणि समोरच्या पक्षाचा खरा दावा न नाकारता घ्यावेत, असा तिचा भावार्थ आहे. व्यय विभागाने लवाद कलमांच्या आकड्यापेक्षा या ओळीची अंमलबजावणी आधी मोजायला घेतली, तर पुढच्या मोठ्या निविदेत परदेशी बोलीदार तंट्याच्या जोखमीपोटी किती टक्के जादा दर लावतो, हेही आपोआप कळू लागेल.